जुन्या पायपर कबचा डावा पाय बसलाय, उपाय सुचवा

वर्कशॉप_खानापूर
११ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे उसाच्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्याला उत्तरं मिळालेली पाहिलीत, म्हणून धीर करतोय.

खानापूर तालुक्यातल्या एका तांत्रिक कॉलेजात मी वर्कशॉप सांभाळतो. आमच्या शेडमध्ये एक जुनं दोन सीटचं विमान आहे. पायपर कब, जे-३. पिवळं, कापडी अंगाचं, शेपटीखाली छोटं चाक. उडत नाही आणि उडवायचंही नाही. स्टोअरच्या रजिस्टरात त्याची नोंद 'शिकवण्याचं साहित्य' म्हणून आहे, लेथ मशीनच्या खालच्या ओळीत. नळ्यांचा सांगाडा, कंट्रोलच्या केबली, पंखाच्या आतली रचना पोरांना हात लावून बघता येते, तेवढा त्याचा उपयोग.

गेल्या पावसाळ्यापासून ते डावीकडे कलायला लागलं. आधी वाटलं, माझाच चष्मा वाकडा. पण परवा शिपाईमामांनी झाडताना डाव्या पंखाच्या टोकाला कपाळ आपटून घेतलं. इतकी वर्षं त्याच पंखाखालून ते ताठ मानेनं जात होते.

१५ ऑगस्टला विमान मैदानात आणून ठेवायचं आहे. वरून सूचना आली, "चाकाखाली एखादी वीट सरकवा." आमचा वेल्डर म्हणतो, दांड्याच्या जागी पाइप मारून टाकू, जन्मात बसणार नाही. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काही सुचतही नाही.

ऊसवाला_निपाणी
११ जून, रात्री १०:०५

सर, आदी हसलो, मग इचार केला. इमान झालं म्हणून काय, चाकं हाईत म्हंजे गाडीच की. आमच्या ट्रॉलीचं काय ढिल्लं झालं की ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापतो आणि गच्च गुंडाळतो. दोन सीझन निघतात बगा. रबर असंल आत तर तेच करा. फुकटात काम.

चिकोडी_मेल
११ जून, रात्री १०:३१

हे एचएएलचं पुष्पक तर नाही ना? १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं. जुन्या फ्लाइंग क्लबांत तीच असायची.

वर्कशॉप_खानापूर
११ जून, रात्री १०:५०

नाही हो. पुष्पकमध्ये दोघं शेजारी-शेजारी बसतात. हे एकामागे एक सीटचं आहे. इंजिनाचे चार सिलिंडर दोन्ही बाजूंनी उघडेच, बैलाच्या कानासारखे बाहेर आलेत.

गोकाक_बाई
१२ जून, सकाळी ७:१५

मी शाळेत विज्ञान शिकवते, विमानातलं कळत नाही. पण पेट्रोल डाव्या पंखातच जास्त राहिलं असेल तर? आमच्या घरचा सिंटेक्स भरला की पत्र्याचा वासा तेवढ्याच बाजूला वाकतो.

सांब्रा_निवृत्त
१२ जून, सकाळी ८:४०

बाई, शंका रास्त आहे, पुष्कळ विमानांत हेच आधी बघतात. पण कबची टाकी पंखात नसते. पायलटच्या काचेपुढे नाकात असते. तिच्या झाकणातून एक तार वर आलेली दिसेल, तिच्या खालच्या टोकाला बूच तरंगतं. तार जितकी बाहेर तितकं पेट्रोल. तोच त्याचा काटा. तेव्हा इथं पेट्रोल निर्दोष.

वर्कशॉप सर, पाइप मारू नका. वीट तर नकोच नको. हवाई दलात एअरफ्रेमचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा, फिटर म्हणून नोकरी केली, बेळगावजवळच्या सांब्र्यातच शिकलो आणि शेवटची काही वर्षं तिथंच पोरांना शिकवलं. त्या अनुभवावर सांगतो, पाय बसला की लोक पायाकडेच बघतात. आधी बाकी सगळं बघा.

कबचा पाय कसा चालतो ते समजून घ्या. पोलादी नळ्यांचा एक त्रिकोण, वरून सांगाड्याला बिजागरीसारखा टांगलेला. चाकाजवळून एक तिरका दांडा निघून पोटाखाली मध्यभागी येतो. वजन पडलं की पाय बाहेर फाकायला बघतात, तसा दांडा लांबायला बघतो. दांडा दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा, आणि त्या दोघांना ओढून धरणाऱ्या रबरी कड्या. निसरड्या फरशीवर पाय फाकायला लागले की मांडीला जी कळ लागते ना, ते काम त्या कड्या करतात. आपण पाय बसला म्हणतो, पण तो असतो फाकलेला. लांबून ओळखायचं असेल तर चाकासमोर उभे राहा. चांगल्या पायाचं चाक जवळजवळ सरळ किंवा माथ्याला किंचित बाहेर असतं. फाकलेल्या पायाचं चाक माथ्याला आत झुकतं.

आता तीन गोष्टी करा. दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का बघा. कबचे टायर फुग्यासारखे, कमी हवेचे असतात. पंक्चरवाल्याकडे देऊ नका, तो सवयीनं तीसचा आकडा ठोकेल. मग पंखांच्या दोन्ही टोकांची उंची घ्या, टेपनं जमिनीपासून नको, गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं. आणि नंतर विमान जागच्या जागी फिरवा, तोंडाच्या जागी शेपूट, आणि तेच माप पुन्हा घ्या. तुमची फरशी किती खोटं बोलते ते कळेल.

वर्कशॉप_खानापूर
१४ जून, रात्री ८:२०

काका, तुमच्या फिरवण्यानं डोळे उघडले.

दारातून तोंड बाहेर असताना डावं टोक उजव्यापेक्षा ७ इंच खाली. फिरवून तोंड आत केलं, तर डावं टोक फक्त ३ इंच खाली. म्हणजे विमानाचा स्वतःचा कल ५ इंच आणि फरशीचा २. शेड बांधताना पाणी जायला उतार ठेवला होता म्हणे. माझ्या वर्कशॉपची फरशी उतरती आहे हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं.

हवा डावीकडे खरंच कमी होती. सारखी केल्यावर ५ चे ४ झाले. आणि हो, डावं चाक माथ्याला आत झुकलंय. उजवंही थोडं झुकलंय, पण आधी लक्षात आलं नव्हतं.

उद्यमबाग_ऑइल
१४ जून, रात्री ९:०२

बेळगावात हायड्रॉलिकचं काम करतो, उद्यमबागेत. ४ इंच टोकाला दिसतात, पण चाकात किती फरक आहे ते काढलंत का? चाकांमधलं अंतर मोजा. पंखाची रुंदी भागिले ते अंतर.

वर्कशॉप_खानापूर
१४ जून, रात्री ९:२५

चाकांत साधारण सहा फूट. पंख टोकापासून टोकापर्यंत सव्वापस्तीस.

उद्यमबाग_ऑइल
१४ जून, रात्री ९:३३

म्हणजे सहापट. चाकाजवळ पाऊण इंचाहूनही कमी फरक, टोकाला चार इंच होऊन दिसतोय. उगाच घाबरू नका. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा, चाकाजवळचा एक मिलिमीटर चुकला तरी टोकाला सहा दिसणार.

एक सुचवू? कड्या काढून गॅस स्प्रिंग टाकू. कारच्या डिकीला असते तशी, पण जाड. मी बसवून देतो.

सांब्रा_निवृत्त
१५ जून, सकाळी ६:५०

भाऊ, काम चांगलं कराल यात शंका नाही. पण ते विमान पोरांना 'कबचा पाय असा असतो' हे दाखवायला ठेवलंय. गॅस स्प्रिंग बसवली की ती पोरं बाहेर जाऊन सांगणार, कबला गॅस स्प्रिंग असते.

तुमच्या तेलाची विमानं वेगळी. अमेरिकेच्या एरोन्का चॅम्पसारख्यांच्या पायात तेल असतं, तिथं पाय बसला तर सील गळतंय का हे बघायचं. आणि सेसना १४० च्या पायात यातलं काहीच नसतं, नुसती वाकवलेली पोलादी पट्टी. ती कल्पना स्टीव्ह विटमन नावाच्या विमान बनवणाऱ्याची, सेसनानं त्याच्याकडून हक्क घेतले. पट्टी बसली तर मग मोठंच काहीतरी झालेलं असतं.

निपाणीकर, ट्यूबबद्दल. आजकालच्या ट्यूबा बहुतेक ब्यूटाइल रबराच्या. हवा कोंडायला ते रबर उत्तम, पण उसळी मारायला अगदी आळशी. ताणून ठेवलं की हळूहळू लांबतच जातं. कडीतलं रबर नैसर्गिक असतं. बारीक धाग्यांचा जुडगा ताणलेल्या अवस्थेत धरून वरून सुताचं विणलेलं कापड चढवतात. ट्रॉलीला चालतं, कारण तिथं ट्यूब नुसती गच्च धरते, झेलत नाही.

ऊसवाला_निपाणी
१५ जून, सकाळी ७:३०

काका, मानलं. पण माझ्या ट्रॉलीला आळशी म्हणू नका, गेल्या सीझनला साठ खेपा मारल्यात.

पेन्सिल्व्हेनियाचा_शहापूरकर
१५ जून, रात्री ११:५५

मूळ बेळगाव, शहापूर. सध्या ज्या राज्यात राहतो तिथल्याच लॉक हेवन गावात हे विमान बनत होतं, १९३८ ते १९४७. जवळच्या एका गवताच्या धावपट्टीवर दोन कब आहेत, शनिवारी मी त्यांच्या मेकॅनिकच्या मागे मागे फिरतो. ही माहिती त्याची.

जे-३ ला कडीचा नंबर १०८०एचडी. पहिले दोन आकडे जाडीचे, इंचाचे सोळावे भाग, म्हणजे दहा सोळांश. पुढचे दोन आतल्या मापाचे, आठ इंच. थोरला भाऊ सुपर कब, त्याला १२८०एचडी लागते, ती जाड. चुकून ती आणली तर पाय दगडासारखा होतो. एका पायाला दोन कड्या, म्हणजे एकूण चार.

दादा, कडीच्या सुती कापडात रंगीत धागे विणलेले असतात, ते बघा. एका धाग्याच्या रंगावरून तयार झाल्याचं वर्ष कळतं आणि दुसऱ्याच्या रंगावरून तिमाही. इथं पाचेक वर्षांनी कड्या बदलतात, विमान उडो न उडो. रबराला ऊन, तेल आणि वय, तिन्ही चालत नाहीत.

वर्कशॉप_खानापूर
२२ जून, रात्री १०:१०

आज डावीकडच्या कड्यांवरचं चामड्याचं पांघरूण सोडलं. जे पाहिलं ते लिहितो, जेवणाआधी वाचू नका.

आधी वास आला. मग हातात आला कापसाचा बोळा. शेंगांची टरफलं, पोत्याचा सुतळीचा चोथा, पोरांच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा एक तुकडा (नापास झालेली नव्हती). उंदरानं आत घर केलं होतं आणि घरासाठी लागणारं सूत कडीच्या कापडातूनच काढलं होतं. उघडं पडलेलं रबर इंजिनातून ठिबकलेल्या तेलात भिजून एका बाजूला जेलीसारखं, आणि दुसऱ्या बाजूला वाळून शेवयांसारखं तुटत होतं. चिमटीत धरलं तर धागा कडकन मोडला. रंगीत धागे शोधायला भिंग घेतलं, पण सगळा धागा एकाच रंगाचा झाला होता, उंदराच्या रंगाचा.

दांडा सुटला तर पाय किती फाकू द्यायचा याला एक केबल बांधलेली असते, ती जवळजवळ ताठ झाली होती. बोटभर ढील उरली होती. पूर्ण पावसाळा आणखी गेला असता तर विमान तिच्यावरच लोंबकळलं असतं.

उजवीकडे उंदीर नाही, तेल नाही. कापड मळकट, पण शाबूत. शहापूरकर, कड्या कशा मागवायच्या?

पेन्सिल्व्हेनियाचा_शहापूरकर
२२ जून, रात्री ११:४०

माझी मावशी जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत निघतेय. कड्या लहान आहेत, बॅगेत बसतील. चार पाठवू ना?

वर्कशॉप_खानापूर
२४ जून, दुपारी १:३०

दोनच पाठवा. हिशेबाच्या टेबलावर मंजुरी दोनचीच मिळाली. "बिघडलंय एक चाक आणि मागताय दोन्ही चाकांचं?" असा प्रश्न आला. 'विमानाचे सुटे भाग' हे कुठल्या हेडखाली लिहायचं याच्यावरच एक दिवस गेला.

सांब्रा_निवृत्त
२४ जून, दुपारी ३:००

सर, चारच घ्या. फरकाचे पैसे मी देतो, नंतर बघू. एका पायाला नवीन जोडा आणि दुसऱ्याला जुनी चप्पल घालून कोण सरळ चालतं?

वर्कशॉप_खानापूर
२४ जून, दुपारी ३:२०

काका, तुमचे पैसे नकोत. उजवीकडची चांगली दिसतायत, बघू.

सांब्रा_निवृत्त
११ जुलै, सकाळी ७:०५

कड्या आल्याचं कळलं. ऐका, घाई करू नका, या कामात बोटं जातात.

विमान रिकामं असलं तरी साधारण ३४७ किलोचं, म्हणजे दोन बुलेटपेक्षा थोडं कमीच. वजनाला भिऊ नका, जागेला भ्या. जॅक पोटाच्या कापडाखाली किंवा लाकडी पट्टीखाली लावाल तर आरपार वर येईल. पाय जिथं सांगाड्याला मिळतो त्या पोलादी फिटिंगखाली सागाचा ठोकळा द्या, त्याखाली जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता बाजूला घोडी. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून उटी, शेपूट जमिनीला बांधलेली. एका वेळी एकच बाजू.

चाक हवेत गेलं तरी कड्या ढिल्या पडत नाहीत, हे पोरांना आधी सांगा. त्या मुळातच ताणून बसवलेल्या असतात. जुनी कापायची तर दांड्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, चष्मा डोळ्यांवर, आणि सुरी लांब दांड्याची.

नवी चढवायला एक साधं अवजार बनवा. आटे पाडलेला जाड दांडा, एका टोकाला खुंटीत अडकणारा हूक, दुसऱ्या टोकाला कडी ओढणारा हूक, मध्ये नट. नट फिरवत जायचं, कडी आपोआप खुंटीवर येते. घसरावी म्हणून टाल्कम पावडर लावा, घरातली चालेल. ग्रीस, ऑइल, डिझेल काही लावू नका, त्या उंदरापेक्षा तुम्हीच जास्त नुकसान कराल.

वर्कशॉप_खानापूर
१३ जुलै, रात्री ९:००

झालं. सकाळी नऊला सुरू केलं, संध्याकाळी सहाला चाक जमिनीला टेकलं. बाहेर असा पाऊस की शेडच्या पत्र्याखाली आम्ही एकमेकांना खुणांनीच सांगत होतो.

जुनी पहिली कडी कापताना आवाजही झाला नाही, ती मेलेलीच होती. दुसरी मात्र अर्धी जिवंत. सुरी लागताच उडाली आणि सात-आठ फुटांवरच्या पत्र्यावर आपटली. रेषेत कुणी नव्हतं, काकांमुळे.

नवी कडी पांढरीशुभ्र, पावडर लावल्यावर तर लग्नातल्या मुंडावळ्यांसारखी दिसत होती. नट फिरवताना शेवटचा अर्धा इंच असा होता की पाना हातात नाही, छातीत आहे असं वाटत होतं. खुंटीवर बसली तेव्हा 'टक्' असा आवाज आला आणि सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जॅक काढला आणि माप घेतलं, तर डावं टोक वरच, चांगलं दहा-बारा इंच. घाम फुटला.

पेन्सिल्व्हेनियाचा_शहापूरकर
१३ जुलै, रात्री ९:३५

दादा, गाडी ढकला. जॅकवर असताना पाय आत येतो, खाली टेकवल्यावर टायर फरशीला धरून ठेवतो, पायाला फाकू देत नाही. चार पावलं पुढे, चार पावलं मागे, पंख दोन वेळा हलवा, मग मापा.

वर्कशॉप_खानापूर
१४ जुलै, सकाळी १०:१५

ढकललं. दहा-बारा इंच गेले. फरशीचा उतार वजा करून आता उजवं टोक ३ इंच खाली.

काका, काही बोलू नका.

सांब्रा_निवृत्त
१४ जुलै, सकाळी १०:२०

बोललो का मी काही?

गोकाक_बाई
१४ जुलै, संध्याकाळी ५:४५

म्हणजे उजवी बाजूही थकलेलीच होती, फक्त डावी जास्त थकल्यामुळे ती बरी दिसत होती. हे मी उद्या वर्गात तराजूच्या धड्याला सांगणार आहे, चालेल ना?

वर्कशॉप_खानापूर
१५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

आजचा प्रसंग सांगतो. उरलेल्या दोन कड्या अजून यायच्यात. मंजुरी आता मिळाली, कारण कल उजवीकडचा आहे आणि प्रमुख पाहुण्यांची खुर्चीही त्याच बाजूला.

काल संध्याकाळी मी आणि दोन पोरं पाण्याची नळी घेऊन मैदानभर फिरलो. ध्वजस्तंभाच्या पूर्वेला लाल मातीत एक जागा सापडली जिथं जमीनच उजवीकडे थोडी वर आहे. विमान तिथं उभं केलं. आज सकाळी पंख असे सरळ होते की पाहुण्यांनी विचारलं, "हे रोज असंच ठेवता?" मी म्हटलं, "मैदानात ठेवलं की असंच."

ऊसवाला_निपाणी
१५ ऑगस्ट, दुपारी १:१०

सर, म्हंजे शेवटी वीट ठिवलीच की ओ तुम्ही. फक्त मातीची.

वर्कशॉप_खानापूर
६ सप्टेंबर, रात्री ९:५०

उजव्या कड्या गणपतीला गावी आलेल्या एका पाहुण्याच्या बॅगेतून आल्या. स्टोअरच्या रजिस्टरात कारकुनानं कन्नडमध्ये 'रब्बर उंगुर' असं लिहून घेतलं. उंगुर म्हणजे बोटातली अंगठी. पुढच्या वर्षी तपासणीला कुणी विचारणार आहे, अमेरिकेतून मागवलेल्या चार अंगठ्या कुठे आहेत. उत्तर आत्ताच तयार ठेवतोय.

काम या वेळी साडेतीन तासांत झालं. ढकललं, हलवलं, मापलं. आता डावं टोक १ इंच खाली. चारही कड्या एकाच वयाच्या, हवा सारखी, फरशी वजा. मग हा एक इंच कुठून येतोय?

उद्यमबाग_ऑइल
६ सप्टेंबर, रात्री १०:१५

मागे लिहिलं होतं, चाकाजवळचा एक मिलिमीटर टोकाला सहा होतो. आता रबर सोडा, बोल्ट बघा. विमान उचलून डावा दांडा हातानं वर-खाली हलवा. आवाज येतो का?

वर्कशॉप_खानापूर
८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

येतो. पोटाखाली दांडा जिथं मधल्या ब्रॅकेटला मिळतो, तिथला बोल्ट काढला. बोल्ट ठीक, पण भोक अंडाकृती झालंय. कॅलिपरनं मापलं तर लांबीच्या दिशेनं जवळजवळ दीड मिलिमीटर जास्त. इतकी वर्षं कड्या मेल्यावर विमान ढकलताना प्रत्येक धक्का तिथंच बसत आला असणार.

सांब्रा_निवृत्त
८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४०

उडणारं विमान असतं तर तो भागच बदलायचा, दुसरा मार्ग नाही. आणि ते काम परवाना असलेल्या माणसाचं, तुमचं-माझं नाही. तुमचं जमिनीवरचं आहे, म्हणून सांगतो. भोक रीमरनं गोल करा, आत पातळ पोलादी बुश (नळीसारखं अस्तर) बसवा, बोल्ट मूळ मापाचाच. वेल्डिंगनं भरू नका, ब्रॅकेटच्या नळीत उष्णता गेली की तडा शेजारी जातो. ब्रॅकेटला आधीच तडा आहे का, तेही भिंगानं बघून घ्या.

आणि कॉकपिटच्या दारावर ठळक अक्षरांत रंगवा, 'उड्डाणासाठी नाही', मराठी आणि कन्नड दोन्हीत. उद्या हे विमान कुणी विकत घेतलं तर त्याला कळायला हवं की आत एक घरगुती बुश आहे.

वर्कशॉप_खानापूर
१४ सप्टेंबर, रात्री ८:३०

तडा नाही. बुश आमच्याच लेथवर, दुसऱ्या वर्षाच्या एका पोरीनं केलं. तिसऱ्या प्रयत्नात बसलं, पहिली दोन तिनं आठवण म्हणून घरी नेली. दारावर अक्षरं रंगवून झाली. मराठीतलं 'उड्डाण' रंगाऱ्यानं आधी एकाच ड नं लिहिलं होतं, पुसून पुन्हा काढायला लावलं.

आता टोकाला फरक अर्धा इंचही नाही. शिपाईमामा मुद्दाम दोनदा पंखाखालून गेले, ताठ मानेनं.

पुढचा पावसाळा लागला की विमान घोड्यांवर उचलून ठेवणार, कड्यांवर वजन नको. चामड्याच्या पांघरुणात डांबराच्या गोळ्या बांधल्यात, बघू उंदीर काय म्हणतात. शहापूरकर, मावशींना कुंदा पोचवलाय, तुमचा राहिलाय.

ऊसवाला_निपाणी
१४ सप्टेंबर, रात्री ८:५५

सर, त्या उजवीकडच्या जुन्या कड्या टाकल्या न्हाईत ना? माझ्या पोराला गलोल करायचीय. नैसर्गिक रबर म्हणालते काका.

सांब्रा_निवृत्त
१४ सप्टेंबर, रात्री ९:०१

देऊ नका. चार-चार इंचांचे तुकडे करून टाका.

वर्कशॉप_खानापूर
१४ सप्टेंबर, रात्री ९:०४

केलेत काका. गलोलीसाठी नाही, पण डावीकडचा तो एक तुकडा उंदरानं कुरतडलेला होता ना, तो काचेच्या बरणीत ठेवलाय. विमानाशेजारी.